डाव्या सीटखाली

मी हॉर्न दाबला आणि वायपर हलला.

हॉर्न मुका. वायपर मात्र काचेवरून अर्ध्यापर्यंत गेला, थरथरला आणि तिथंच आडवा पडून राहिला. देवळापुढं जमलेल्या बायकांनी पटापट हात जोडले. मी उजवा इंडिकेटर टाकला, तर दोन्ही हेडलाइट मिणमिणले आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. सेल मारला, म्हणजे चावी फिरवली, तर नुसतं 'टक्'. परत मारला, परत 'टक्'.

"बघितलंस?" हैबतीआबा म्हणाले. "यंत्राचं काम न्हाय ह्ये. आईचा कोप हाय."

"यंत्राचंच काम हाय, आबा. म्हणून तर मला बोलावलं."

"तुला आमी न्हाय बोलावलं. ह्या इलासनं बोलावलं. आमाला कुनी इचारलं न्हाय."

विलास माझ्या मागं उभा होता. नवा शर्ट, कपाळाला भंडारा, आणि तोंड असं, की जणू त्यानंच गाडी चोरली होती. सकाळीच तो कुणाची तरी फटफटी घेऊन घाटाखाली माझ्या गॅरेजवर आला होता. "जालूभाऊ, चला, लई अडचण झालीय," एवढंच घोकत होता. अडचण काय ते वाटेत विचारलं, तर "तिथं गेल्यावर कळंल," म्हणाला. मला तेव्हाच त्याचा राग आला होता. मुंबईत माथाडीत दोन-दोन पोती पाठीवर घेणारा गडी, आणि तोंडातून एक सरळ वाक्य निघेना.

सुळकेवाडी म्हणजे घाटमाथ्याची वाडी. तिथल्या मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून ती जुनी डिझेल जीप घेतली होती. एरवी ती वडापला, म्हणजे शिटा भरून ने-आण करायला, चालायची, मंगळवारी देवीच्या कामाला असायची, आणि जत्रेला वाघजाईची पालखी तिच्यातून वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, जायची. सड्याची वाट म्हणजे वाट म्हणायची आपली पद्धत. दगडगोटे, ओढा आणि छातीवर येणारी चढण. फोरव्हील लावल्याशिवाय तिथं बैलसुद्धा जाणार नाही. त्यात ह्या जीपचा फोरव्हीलचा दांडाही महिनाभर पडत नव्हता. थोडक्यात, गाडीचं डोकं आणि पाय दोन्ही कामातून गेले होते, आणि ड्रायव्हर पोरगा देवीच्या भीतीनं सकाळपासून गायब होता.

मला आल्याआल्या पुरणपोळी वाढली होती. जत्रेचा सकाळचा मान गोड्या निवदाचा, बोकडं दुपारनंतर. पोळी अशी की बोटानं धरली तर मोडेल. ती खाऊन मी खूश होतो, म्हणून पुढचं सगळं अंगावर जरा जास्तच आलं.

"आईला कौल लावू," आबा म्हणाले. "म्हंजे सोक्षमोक्ष हुईल."

हैबतीआबा वाडीचे पहिले मानकरी. पहिला नारळ त्यांचा, पालखीला पहिला खांदा त्यांचा, आणि कापलेल्या प्रत्येक बोकडाचं मुंडकं त्यांचं. उंच, पांढऱ्याशुभ्र धोतरातला माणूस. बोलायचा हळू, पण त्याचा आवाज चढायची वाट बघायला कुणी थांबायचं नाही.

देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवल्या. पहाटेपासून पाणी, दूध, तेल ओतून ती मूर्ती नुसती निथळत होती. कळी कुठली का असेना, ती पडणारच.

"आई," आबांनी हात जोडले, "गाडीला कुनाचा इटाळ झाला आसंल, तर उजवी दे."

मी मागून म्हटलं, "बॅटरीचं काय झालंय ते पन इचारा की."

"गप. आईला असलं इचारत न्हाईत."

उजवी कळी पडली. ढोलवाल्यानं दोन ठोके हाणले. अन् मग शेवटच्या ओळीतून विलासची आई, केराबाई, पदर सावरत पुढं आली. असं वाटलं की ती ह्याच घटकेची वाट बघत होती.

"आबा, म्या तवाच बोलले व्हते. मागल्या म्हैन्यात ही पाटनास्नं आली. माज्या गोळ्या आनायला गेलती. गाडीत जागा न्हाय म्हनून ड्रायव्हरनं हिला फुडं बसवली, डाव्या अंगाला. आन् घरात पाय ठिवायच्या आदी ही बाजूला बसली की वो! म्हंजे वाटंतच इटाळ झाल्याला. गाडीतच."

"मागल्या म्हैन्यापास्नंच गाडी येड्यावानी करतीया," कुणीतरी म्हणालं.

"फुडं देवीचा फोटू हाय. त्येच्या म्होरं बसली."

सगळ्यांची तोंडं एका बाजूला वळली. देवळापासून दूर, जांभळीखाली, विलासची बायको मालन उभी होती. चोवीस-पंचवीसची असेल. काटक, सावळी, हातांना अजून पुरणपोळीचं पीठ लागलेलं. तिनं पदर डोक्यावर घेतला, पण मान खाली घातली नाही.

आबांनी निकाल दिला. निकाल म्हणजे आधीच शिजवून ठेवलेला भात, नुसता वाढला. मालनला आजच्या आज माहेरी पोचवायची. आईनं माफ केलं, की बघू. गाडीवर गोमूत्र शिंपायचं, मग पालखी गाडीत.

"आन् माफ केलं न्हाय तर?" मी विचारलं.

"तर आईची इच्छा."

केराबाई पुटपुटली, "चार वरसं झाली, पाळना हालला न्हाय. आईच्या मनात असंलच कायतरी."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडी हे निमित्त होतं. तिला घालवायला कुणाला तरी कारण हवं होतं, आणि वायपरनं ते दिलं. एक बाई घरातून जाणार, ती एका वायपरपायी! माहेरी तरी तिचं कोण होतं? घाटाखाली एक भाऊ, माझ्या ओळखीचा, तोही दोन खोल्यांत चार पोरांसकट राहणारा. आणि विलास? तो चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत होता. मला त्याच्या कानाखाली ओढावीशी वाटली.

"आबा," मी म्हटलं, "पालखी कधी उठनार?"

"खारा निवद झाला की."

"तवर मला गाडी उघडू द्या. बिघाड यंत्राचा निघाला, तर वहिनी कुटं जानार न्हाईत. असं बोला."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मुंबईकर मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. त्यांच्यातल्या एकानं, "बघू द्या की आबा, गाडी आपल्याबी पैशाची हाय," असं म्हटलं, म्हणून आबांना नाही म्हणता आलं नाही.

"बग. पन गाडीला हात लावायला गावचा मानूस मिळनार न्हाय तुला. इटाळाच्या गाडीला पालखी उचलनारा हात लावत न्हाय."

ते सगळे बोकडांकडं गेले. विलाससुद्धा गेला. मी पान्यांची पिशवी उघडली आणि मनात सगळ्या वाडीला एकेक शिवी घातली.

असल्या कामाला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून बटणं दाबायची, दुसऱ्यानं खाली बघायचं. मी एकटाच आत-बाहेर करत होतो. डॅशबोर्डाचे स्क्रू काढले, पत्रा ओढला, तर आतून खोबऱ्याचे सडके तुकडे, चिकट साखरफुटाणे आणि मुंग्यांची रांग. प्रसाद! सालोसाल कुणीतरी देवीच्या फोटोपुढं ठेवत होतं आणि तो फटीतून मागं घरंगळत होता. हात घातला, तर बोटांना काळा लगदा लागला. शी! मी हात पँटला पुसला आणि मग पँटचीच घाण वाटायला लागली.

तरी वायरी धड होत्या. फ्यूज धड होते.

"म्या बसू आत?"

मालन होती. हात धुऊन आली होती.

"वहिनी, तुमाला ते..."

"माझ्यामुळंच गाडी बाटलीया ना? मग आता आनी किती बाटनार?" ती ड्रायव्हरच्या सीटवर चढली. "काय दाबायचं सांगा."

माझ्याकडं एक बल्ब होता, दोन वायरी जोडलेला. तपासणीला मी तोच वापरतो. त्याला मी साक्षीदार म्हणतो, कारण तो कुणाचं तोंड बघून पेटत नाही. मी त्याची एक वायर बॅटरीच्या एका टोकाला धरली, दुसरी गाडीच्या पत्र्याला टेकवली. बल्ब लालसर झाला, विझत्या विडीएवढा.

"कमी पेटला," मालन म्हणाली.

"आता बगा." मी दुसरी वायर पत्र्याऐवजी थेट बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला लावली. बल्ब फटकन् पांढरा पेटला.

"म्हंजे बॅटरीत करंट हाय."

"हाय. भरपूर हाय."

"मग पत्र्यात का न्हाय?"

मी तिच्याकडं नीट बघितलं. हा प्रश्न माझ्या गॅरेजमधल्या पोरांना दोन-दोन वर्षं सुचत नाही.

"वहिनी, वीज दिव्याकडं जाती ती वायरीतनं. पन माघारी येती ती गाडीच्या अंगातनं, पत्र्यातनं. बॅटरीची एक जाड पट्टी गाडीच्या अंगाला बोल्टनं आवळल्याली असती. तिला अर्थिंग म्हनत्यात. ती सुटली, की वीज माघारी कशी यायची? मग ती सापडंल त्या आडवाटंनं शिरती. हॉर्नची वीज वायपरच्या घरात घुसती. इंडिकेटरची हेडलाइटात."

"सासरची वाट बंद झाल्यावर बाईनं करावं तसं," ती म्हणाली. हसली नाही.

"ती पट्टी बगायला पायजे."

"कुटं हाय ती?"

ह्या जीपची बॅटरी बॉनेटखाली नव्हती. पुढच्या डाव्या सीटखाली पेटीत होती, आणि पट्टी तिथंच तळाच्या पत्र्याला आवळलेली. बॅटरीची टोकं सीटच्या बाजूच्या झडपेतून हाताला येत, म्हणून आजवर कुणी सीट काढायच्या फंदात पडलं नव्हतं.

सीटचे बोल्ट गंजून पत्र्याचाच भाग झाले होते. मी पान्यावर लाथ मारून एकेक सोडवला. मालननं पलीकडून सीट धरली. "उचला," म्हटलं, आणि दोघांनी सीट उचलली.

वास असा आला, की मी सीट टाकून मागं सरलो. मेलेलं जनावर उन्हात आठ दिवस पडावं आणि कुणीतरी त्याच्यावर उदबत्ती लावावी, तसा. मालननं पदर नाकाला लावला आणि तोंड फिरवून दोनदा उमासा दाबला. माझी पुरणपोळी गळ्यापर्यंत आली. मी ओढ्याकडं जाऊन चूळ भरली आणि परत आलो. काम तर करायलाच हवं होतं.

सीटखालचा पत्रा काळा होता. रंग नव्हे, खपली. बोटभर जाड, कुठं सुकलेली, कुठं अजून ओलसर. तिच्यात राठ केस होते. गोणपाटाचे धागे होते. पांढऱ्या अळ्यांची सुकलेली सालं होती. स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं, तर एका बाजूला छोटा कान निघाला, करवंदी रंगाचा, टोकाला कातरलेला.

"बोकडाचा कान," मालन म्हणाली. बोकडाला नवसाची खूण म्हणून कान कातरायची तिथं रीत आहे.

"हितं कसा आला?"

ती मला मूर्खात काढल्यासारखं बघत राहिली. "मंगळवारी नवसाचं बोकड पडत्यात. मुंडकी आबांच्या मानाची. आबा फुडं बसत्यात, ह्याच अंगाला. मुंडक्याचं पोतं पायात घेत्यात. मागं ठिवलं तर मान कमी हुतो म्हनं. पोतं गळत आसतंय, म्या सवता बगितलंय."

मंगळवारमागून मंगळवार. पोतं गळत होतं आणि रक्त सीटखाली मुरत होतं. वरून रबरी मॅट, त्यामुळं कुणाला दिसत नव्हतं. धुताना मॅटवर बादली मारायची, पाणी रक्तासकट आणखी खाली. पट्टी शोधायला मी खपली फोडली. तिच्याखाली तांब्याची पट्टी होती, म्हणजे होती असं म्हणायचं. हिरवी, भुसभुशीत, हात लावला तर बिस्किटासारखी चुरा झाली. बोल्ट नावाला उरला होता. पत्र्याला हाताएवढं भोक पडलं होतं, आणि त्या भोकातून गोणपाटाची सुतळी खाली लोंबून फोरव्हीलच्या दांड्याच्या जोडाला गुंडाळली गेली होती. दांडा पडत नव्हता तो त्यामुळं.

दोन्ही रोगांचं मूळ एकाच पोत्यात होतं.

"रगतानंच बाटली म्हनायची," मालन म्हणाली. "पन माज्या न्हाय."

गाडीखाली शिरून दांड्याची सुतळी कापली. सुतळीतून काहीतरी माझ्या गालावर पडलं. काय पडलं ते मी बघितलं नाही, आजही बघावंसं वाटत नाही. तळाच्या पत्र्यात जीव राहिला नव्हता, म्हणून चॅसिसचा एक कोपरा कानशीनं घासून चांदीसारखा केला. पिशवीत एका ट्रकच्या कामातून उरलेली जाड केबल होती, तिला टोकं ठोकली, एक बॅटरीला, एक चॅसिसला, आणि दाबून आवळली. मालन पाना धरून होती. तिचा हात एकदाही हलला नाही.

"दाबा हॉर्न."

पों! नुसता हॉर्न. वायपर जागचा हलला नाही. इंडिकेटर टाकला, फक्त इंडिकेटर लागला. मालनच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी उजाडलं. सेल मी मारू दिला नाही. म्हटलं, सेल सगळ्यांसमोर.

हॉर्न ऐकून माणसं धावत आली. पुढं आबा, हाताला रक्त, कारण पहिला घाव त्यांच्याच हातचा. मागं विलास. केराबाई. ढोलवाले.

"आबा, या. ह्ये बगा," मी म्हटलं. उपटलेली सीट उलटी पडली होती. चुरा झालेली पट्टी मी फडक्यावर ठेवली होती, शेजारी तो कान. "ह्यामुळं गाडी बिघडली. तुमच्या मानाच्या पोत्यानं. तुमच्या सीटखाली."

पुढच्या माणसांनी वाकून बघितलं आणि धोतराचे सोगे नाकाला लावले. एक मुंबईकर म्हणाला, "अगं आई गं!" मला वाटलं, झालं, जिंकलं.

आबांनी नाकाला काही लावलं नाही. त्यांनी तो कान दोन बोटांत उचलला, कपाळाला लावला आणि कनवटीला खोचला.

"आईच्या बोकडाचं रगत हाय ह्ये," ते म्हणाले. "पवित्र असतंय. त्यानं गाडी बिघडत न्हाय. त्या रगतावर बाई बसली, म्हनून आईला राग आला. आता कळलं का?"

लोकांच्या माना डोलल्या! त्याच माना, ज्यांनी मघाशी नाकाला धोतर लावलं होतं. घाण समोर पडली होती, वास डोक्यात जात होता, आणि तरी त्यांना तीच बाई घाण दिसत होती. मला जी शिसारी आली, तसली आधीच्या वासानंही आली नव्हती.

आबांनी तांब्या मागवला. बॉनेटवर, टायरवर, सीटच्या खड्ड्यात गोमूत्र शिंपलं.

"हां, जालिंदर. आता मार सेल."

चावीकडं गेलेला हात मी मागं घेतला. मी सेल मारणार, गाडी चालू होणार, आणि सगळी वाडी म्हणणार, गोमूत्रानं चालू झाली. माझीच केबल ह्या बाईला माहेरी धाडणार. मी मुद्दाम पान्यांची पिशवी आवरायला लागलो. केबल सैल करावी का, असं एकदा मनात आलं. पण मग म्हणतील, आई अजून रागावलीय.

"बसलायस काय? मार की सेल!"

"थांबा," मालन म्हणाली. "सेल म्या मारते."

ती जीपकडं चालत आली. केराबाईनं तिचा हात धरला, तो तिनं सोडवला.

"आबा, मागल्या म्हैन्यात म्या बाजूला व्हते. खरं हाय. म्हैना झाला. मंग आज काय असंल?"

गड्यांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. बायकांच्या मात्र आलं. एका म्हातारीनं तोंडावर हात दाबला.

"आज दुसरा दिस हाय माझा," मालन म्हणाली. "घरात मुंबईची पन्नास मानसं. बाजूला बसले असते तर रांधलं कोन असतं? सासूबाईंना इचारा, त्येंनी चुलीपुढं पाट तरी मांडला का! आईचा गोडा निवद म्याच केला. ह्या हातानं. आईनं घेतला. समद्यांनी खाल्ला. आबा, तुमी तर चार पोळ्या मागून घेतल्या. तुमचा कुटला दिवा बंद पडला?"

कुणीतरी ओकल्यासारखा आवाज केला. "भवाने!" केराबाई किंचाळली आणि मटकन् खाली बसली. आबांचा हात पोटावर गेला होता, मी बघितलं. मला त्या क्षणी इतका आनंद झाला, की मी मोठ्यानं हसलो.

मालन ड्रायव्हरच्या सीटवर बसली. दांडा न्यूट्रलला आहे का ते मी दाखवलं होतं तसं हलवून बघितलं. चावी फिरवली.

इंजिन पहिल्या सेलला लागलं. धडधडलं, काळा धूर सोडला आणि मग सरळ चालू लागलं. तिनं हेडलाइट लावले, दिवसाउजेडी, दोन्ही सारखे. मग हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. ढोलवाले, बायका, पोरं, सगळी जागच्या जागी उभी होती, आणि तो हॉर्न डोंगरात वाजत होता. वायपर हलला नाही.

तिनं हॉर्न सोडला, तेव्हा आबा देवळाकडं वळले होते.

"पालखी खांद्यावर न्यायची," ते म्हणाले. "ही गाडी गेली आता. घिऊन जा रं ती तुज्या भंगारात. हिलाबी ने."

आणि ते सगळे गेले. पालखी उठली. त्या चढणीवर चार-चार गडी खांदा बदलत, धापा टाकत. चालू गाडी तिथं उभी होती, तिच्यापासून हातभर लांबून ते गेले. डावीकडच्या मागच्या दांडीला विलास होता. जीपपाशी आल्यावर त्यानं दांडी दुसऱ्या खांद्यावर घेतली, म्हणजे तोंड पलीकडं झालं.

मालननं ते बघितलं. "चला जालूभाऊ," म्हणाली. तिचं बोचकं कुणीतरी आधीच जांभळीखाली आणून टाकलं होतं, ते मी आणलं आणि डावी सीट परत जागेवर बसवली. घाट उतरून आम्ही खाली आलो. तिच्या भावाच्या दारात उतरवलं, तेव्हा फक्त म्हणाली, "सीट नीट आवळून घ्या. वाटंत लई हालत व्हती."

जीप माझ्या गॅरेजमागं पडली. मी तिला आत-बाहेर फिनाइलनं धुतली. पत्र्याच्या भोकावर नवा पत्रा मारला. तरी ऊन तापलं की वास यायचा.

महिनाभरात विलास आला. बरोबर आबांचा पुतण्या, एक ट्रॅक्टर आणि गोमूत्राचा कॅन.

"गाडी न्यायला आलोय," विलास म्हणाला. "वडापची लई अडचन हुतीया. मानसं पायी यायला लागल्यात."

"बाटल्याली हाय ना ती?"

"आबांनी परत कौल लावला. आईनं डावी दिली. शुद्ध करून घ्यायची म्हनं." पुतण्या तोवर जीपवर शिंपायलाही लागला होता. दोन मिनिटांत झालं शुद्धीकरण.

"आन् मालनवहिनी?"

विलास चपलेच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. "तेचं... बगू. मानसाचं गाडीएवढं सोपं नसतंय, आबा म्हनत्यात."

मी पाना घेतला. डावी सीट काढली. बॅटरीची आणि चॅसिसची माझी केबल सोडली आणि गुंडाळून खांद्यावर टाकली.

"आता न्या."

"अवो, पन ही चालू कशी व्हायची?"

"ती केबल माजी हाय. गाडी तुमची. आईला सांगा चालू करायला."

त्यांनी ती ट्रॅक्टरमागं दोरानं बांधून ओढत नेली. पुढं दुसऱ्या कुणीतरी चालू करून दिली म्हणे. मंगळवारी आबा परत पुढं बसू लागले, पायात पोतं घेऊन.

मालन माहेरीच राहिली. भावाच्या ओट्यावर तिनं पिठाची गिरणी टाकली. वर्षं झाली त्याला. मोटर कुरकुरली की निरोप येतो, "अर्थिंग म्या बगितलं, त्यात काय न्हाय. आता तुमी या." बघितलेलं असतंच तिनं.

जीप परत नेल्याचं मी तिला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. ती पीठ चाळत होती.

"गाडी किती दिसांत शुद्ध झाली म्हनला?"

"म्हैन्याभरात."

तिनं चाळण एकदा हातावर आपटली, कोंडा बाजूला काढला आणि परत चाळायला लागली.

"मंग फुडल्या जलमी जीपच व्हायला पायजे, जालूभाऊ," ती म्हणाली. "तिला तरी न्यायला येत्यात."